आणि फोन आला तर?

चवथ तोंडावर आली की आमच्या सर्वणच्या घरांना नवा रंग चढू लागतो. यंदा आमच्या घराची पाळी होती. वसरीतली भिंत खरवडता खरवडता रंगाऱ्याचा मुलगा थांबला आणि शिडीवरूनच त्याने मला विचारले, "सर, ही तार काडूं?"

मी वर पाहिले. दाराच्या चौकटीवरच्या एका भोकातून काळी तार आत येते, भिंतीच्या कडेने चार-पाच खिळ्यांच्या आधाराने पुढे सरकते आणि माजघराच्या दाराजवळ एका पांढऱ्या डबीत जाऊन संपते. डबीतून पुढे काहीच निघत नाही. घरात आता दुसरी तार आहे, काचेच्या धाग्याची, आणि घराचा सारा व्यवहार तिच्यावरून चालतो. या काळ्या तारेतून कित्येक वर्षांत शब्द आलेला नाही की गेलेला नाही. मुलाचे म्हणणे रास्त होते. ती नसती तर त्याला ब्रश सरळ फिरवता आला असता. तरीही माझ्या तोंडून होकार निघेना. "तू जेवून ये, मग सांगतो," असे म्हणून मी त्याला वाटेला लावले आणि त्या तारेखाली खुर्ची ओढून बसलो. पुढे जे लिहीत आहे, ते त्या तासाभरात मनात आलेले आहे.

ही तार आमच्या घरी आली ती १९९० नंतरच्या काही वर्षांत. त्यापूर्वी दूरध्वनी ही डिचोलीच्या बाजारात जाऊन, रांगेत उभे राहून करण्याची गोष्ट होती. आमच्यासारख्या खेड्यांपर्यंत तार पोचली, त्यामागे एक कथा आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. परदेशातून येणारी दूरध्वनी-केंद्रे थंड, निर्मळ, वातानुकूलित खोली मागत. आमच्या खेड्यांत माणसांनाच जिथे पंखा नव्हता, तिथे यंत्राचे हे लाड कोण पुरवणार? १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने सी-डॉट ही संस्था निघाली. तिच्या अभियंत्यांनी १२८ जोडण्यांचे एक लहानसे केंद्र बनवले. उन्हाळा, धूळ आणि विजेचे चढउतार सोसून ते चालत राहील, अशीच त्याची घडण होती. असे पहिले केंद्र १९८६ साली कित्तूरला बसले. राणी चन्नम्माचे कित्तूर आमच्यापासून फार दूर नाही. घाट चढून बेळगाव जिल्ह्यात शिरले की आलेच. चन्नम्माच्या गावाने इंग्रजांशी दिलेला झगडा आम्ही शाळेत शिकवत आलो; पण त्याच गावातून आमच्या घराच्या घंटेला वाट फुटली, हे मला फार उशिरा कळले.

तार आली तेव्हा ती फक्त बोलण्यासाठी होती. दादा १९९६ पासून मस्कतला नोकरीला. महिन्यातून एकदा, रविवारी, त्याचा फोन येई. आई पोथी बाजूला ठेवून सकाळपासून बाकावर बसून राही. फोन तीन मिनिटांचा. त्यातले पहिले मिनिट "ऐकू येते काय?" यात जाई आणि शेवटचे "बिल चढते, ठेवतो" यात. मधल्या मिनिटात जे काही बोलणे होई, त्यावर आईचा महिना निघे.

मग इंटरनेट आले. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतून सर्वसामान्यांना खुले केले. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली आणि दर खाली येऊ लागले. आमच्या घरी ते पोचले १९९९ च्या दिवाळीनंतर. मी हायस्कुलात गणित शिकवत असे. दादाने पैसे पाठवले, संगणक घेतला आणि त्याच्या शेजारी ती लहानशी पेटी बसली, जिला मोडेम म्हणतात. पुढची काही वर्षे आमच्या घरात पोथीच्या खालोखाल कोणी ऐकला असेल तर तो या पेटीचा आवाज.

तो आवाज ज्यांनी ऐकला आहे ते विसरणार नाहीत; ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. तरी त्याचे कारण सांगता येते. दूरध्वनीची व्यवस्था माणसाच्या आवाजासाठी घडवलेली. सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपने, एवढ्याच पट्ट्यातला नाद ती पलीकडे नेते. बोलणे समजायला तेवढे पुरते. संगणकाजवळ तर केवळ शून्य आणि एक. त्या आकड्यांना आवाजाचे रूप दिल्यावाचून या तारेवर त्यांना वाट मिळत नसे. तेव्हा मोडेम इकडून आकडे गाऊन दाखवी आणि पलीकडचा मोडेम ते गाणे ऐकून पुन्हा आकडे मांडी. सुरुवातीचा तो किरकिराट म्हणजे तुला किती वेगाने ऐकू येते, मी किती वेगाने बोलू, अशी दोन यंत्रांची एकमेकांना केलेली विचारपूस असे. विचारपूस संपली की पेटी गप्प होई आणि काम सुरू होई.

पेटीवर वेग छापला होता सेकंदाला ५६,००० बिट. एका अक्षराला आठ बिट धरले तर सेकंदाला ७,००० अक्षरे. हा हिशेब कागदावरचा. तांब्याच्या तारेत अंतराबरोबर नाद क्षीण होतो, प्रत्येक जोडावर थोडा झिरपतो आणि ओल लागली की त्यात खरखर मिसळते. आमचे घर केंद्रापासून लांब, मध्ये अनेक जोड, खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ खांबावरच्या डब्यांत शिरलेली आणि त्यावर गोव्याचा पाऊस. आमच्या वाट्याला सेकंदाला २,००० अक्षरे आली तर तो सुदिन. जूनमध्ये मिरग बरसला की तेवढीही येत नसत. लाइनमन येई, खांबावर चढून तारेची टोके कानशीने घासून पुन्हा पिळी, आणि उतरताना म्हणे की आता चार दिवस चालेल. तो प्रामाणिक माणूस होता. बरोबर चार दिवस चाले.

अशा तारेवर संसार करायचा तर नियम हवेत. आम्ही ते अनुभवाने बसवले. पहिला नियम असा, की पत्र आधी पूर्ण लिहायचे, दोनदा वाचायचे आणि मगच तार जोडायची. जोडल्यावर विचार करायचा नाही. विचारालाही बिल पडे. दुसरा, चित्रे बंद ठेवायची, केवळ मजकूर मागवायचा. तिसरा, मोठे काही उतरवायचे असेल तर ते रात्री, तारेवरची गर्दी ओसरल्यावर. चौथा नियम पावसाळ्याचा. पश्चिमेकडे वीज चमकली की विजेची आणि दूरध्वनीची अशा दोन्ही तारा भिंतीतून उपसून काढायच्या. हा नियम शिकायला आम्हांला एक मोडेम खर्ची घालावा लागला. एका वळवाच्या सरीत तो जळाला आणि वसरीभर वास सुटला.

आणि जे तारेला झेपत नाही ते बसने पाठवायचे. यात थट्टा नाही. मी वर्गात मुलांना हे गणित घालत असे. एका तबकडीत साडेसहाशे मेगाबाइट मजकूर मावतो. तो सेकंदाला तीन किलोबाइट या वेगाने उतरवायचा तर साठ तास लागतात, म्हणजे अडीच दिवस आणि तेही तार एकदाही न तुटता. डिचोली ते पणजी सुमारे तीस किलोमीटर. बस तासाभरात पोचते. तेव्हा जलद काय, तार की बस? मुले हसत. पण मी स्वतः कितीतरी शनिवार खिशात तबकडी घालून त्या बसमध्ये बसलो आहे.

संथपणाचे काही सुखही होते, ते नाकारणे खोटेपणाचे होईल. फेब्रुवारी २००० मध्ये दादाला मुलगी झाली आणि त्याने तिचे छायाचित्र पाठवले. त्याला ते लहान करून पाठवण्याचे भान कुठले? चांगले सहाशे किलोबाइटचे होते. आई, मी, शेजारच्या दोन काकी, असे सारे संगणकासमोर बसलो. छायाचित्र वरून खाली एकेक ओळीने उमटू लागले. प्रथम भिंत दिसली. मग पाळण्याची दांडी. मग जावळ. "केस दादासारखे," एक काकी म्हणाल्या. मग कपाळ आले आणि तिथे तार अडखळली. पाच-दहा सेकंद कोणी बोलेना. आईने पदर तोंडाशी धरला होता. मग भुवया, मिटलेले डोळे, नाक. नाकावर बरीच चर्चा झाली. हनुवटी येईपर्यंत पाच मिनिटे होऊन गेली होती आणि त्या पाच मिनिटांत त्या बाळाला आमच्या घराने जितके पाहिले, तितके तिला आज रोज पाहूनही कोणी पाहत नसेल.

संथ तारेवर लिहिणारे बहुतेक इथेच थांबतात. त्या वाट पाहण्यात गोडी होती, आता ती गेली, असे म्हणून निःश्वास सोडतात. मीही मित्रमंडळींत हा छायाचित्राचा प्रसंग अनेकदा रंगवून सांगितला आहे. पण दुसरा प्रसंग मी सांगत नाही आणि तो सांगितल्यावाचून पहिला सांगण्याचा मला अधिकार नाही.

नियमांत एक पाचवा नियम होता, आणि तो आईमुळे झाला होता. तार एकच. तिच्यावर संगणक बसला की दूरध्वनी मुका होई. बाहेरून कोणी फिरवला तर त्याला घर गुंतलेले लागे. आईला यंत्राचे बाकी काही कळत नसे, पण हे एवढे पक्के कळले होते. मी तार जोडायला बसलो की ती स्वयंपाकघरातून विचारी, "आनी फोन आयलो जाल्यार?" दरवेळी हाच प्रश्न, त्याच शब्दांत. तिची माणसे दूर दूर होती. थोरला मुलगा समुद्रापलीकडे, भाऊ पेडण्याच्या बाजूला धारगळला, बहीण सावंतवाडीला. या सर्वांना तिच्यापर्यंत पोचायला ही एक तार आणि तीच मी अडवून बसलेला. तेव्हा ठरले, की एका वेळी पंधरा मिनिटे. पंधरा मिनिटांनी तोडायचे, थोडे थांबायचे, कोणाचा फोन येत नाही असे पाहून मग पुन्हा जोडायचे. मी भिंतीवर घड्याळ लावले आणि हा नियम दीड वर्ष पाळला.

जुलै २००१ मधली ती रात्र. दादाची पत्रे रोमन अक्षरांतल्या मराठीत येत, कारण त्याच्या यंत्रावरून दुसरे काही येतच नसे. आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पोथी ती सराईतपणे वाची, पण ही अक्षरे तिला परकी. मी पत्र वाचून दाखवी आणि ती ऐके. एकदा ती सहज म्हणाली, की मुलाचे पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले जेवणे. ते माझ्या मनाला लागले. देवनागरीची सोय तोवर झाली नव्हती असे नाही. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आपला आकडा नेमून दिला होता. पण घरोघरच्या यंत्रांना ती भाषा अजून उमगत नव्हती. ज्याने त्याने आपापल्या टंकांचे वेगळे आकडे ठरवलेले. तोच टंक दोन्ही टोकांना असेल तर पत्र, नाहीतर चिन्हांचा कचरा. दादाने मस्कतमध्ये एका मित्राकडून देवनागरी लिहिण्याचे एक सॉफ्टवेअर मिळवले होते आणि मला त्याचा ठिकाणा कळवला होता. सहा मेगाबाइटचे होते. मला ते आईसाठी हवे होते.

नऊ वाजता मी तार जोडली. बाहेर पाऊस होता. आईने विचारले, "आनी फोन आयलो जाल्यार?" मी म्हणालो, "आतां जातलें." हिशेबाने पाऊण तासाहून थोडे अधिक लागणार होते. मध्ये तोडले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून मी पंधराव्या मिनिटाला घड्याळाकडे पाहिले आणि मान वळवली. चार पंचमांश काम झाले आणि तार आपणहून तुटली. त्या क्षणी मी थांबायला हवे होते. थांबलो नाही. हातचे गेल्याचा त्वेष असतो ना, तसे झाले. लगेच पुन्हा जोडली आणि पहिल्यापासून आरंभ केला. दुसऱ्यांदा ते उतरायला सव्वाअकरा वाजले. मी विजयी मुद्रेने तार सोडली, आणि पाच मिनिटांच्या आत घंटा वाजली.

धारगळहून मामेभाऊ बोलत होता. मामांच्या छातीत संध्याकाळपासून दुखत होते. साडेनऊला ते शुद्धीवर होते आणि म्हणाले होते, "बायेक फोन लाय." ती बाय म्हणजे माझी आई. भाऊ तेव्हापासून फोन फिरवत होता. साडेदहानंतर मामांची वाचा गेली. "एंगेज लागतालो," भाऊ म्हणाला. त्याच्या सुरात ठपका नव्हता. त्याला वाटले असेल, पावसाने तार बिघडली असावी.

एका शेजाऱ्याची जीप मिळवून निघेपर्यंत बारा वाजून गेले. अस्नोडा, थिवी, मग कोलवाळचा पूल. पावसात समोरचा रस्ता दिसत नव्हता. आई मागे बसली होती आणि सबंध वाटेत एक शब्द बोलली नाही. आम्ही पोचलो तेव्हा मामांना पडवीत घेतले होते आणि उशाशी दिवा लावला होता.

त्यांना आपल्या बहिणीशी काय बोलायचे होते ते कोणाला ठाऊक नाही. कदाचित विशेष काहीच नसेल. दोघे फोनवर बोलत तेव्हा "जेवलीस?" आणि "पाऊस कसा आहे?" यापलीकडे त्यांचे बोलणे मी क्वचितच ऐकले होते. पण ते दोन प्रश्न त्या रात्रीचे होते आणि त्यांच्या जागी माझे सहा मेगाबाइट बसले होते.

ते सॉफ्टवेअर चालले. पंधरा-वीस दिवसांनी दादाचे पहिले देवनागरी पत्र आले. आईने चष्मा लावला आणि काचेवर बोट ठेवून एकेक शब्द वाचत पत्र पुरे केले. शेवटी दादाचे नाव आले तेव्हा ते तिने दोनदा वाचले. "बरें जालें," एवढेच म्हणाली. त्या दिवसानंतर तिने आपली सारी पत्रे स्वतः वाचली. आणि त्या जुलैनंतर तिने तो प्रश्न मला पुन्हा कधी विचारला नाही. मी तार जोडायला बसलो की ती निमूटपणे येऊन दूरध्वनीजवळच्या बाकावर बसे आणि मी तार सोडीपर्यंत तिथेच राही. तिने रागावून काही म्हटले असते तर मला ते सोपे गेले असते.

२००५ साली देशात ब्रॉडबँड सुरू झाले. आमच्यापर्यंत ते यायला आणखी दोन वर्षे गेली. ते बसवायला आलेल्या तरुणाने त्याच जुन्या काळ्या तारेच्या टोकाला आगपेटीएवढी एक पांढरी डबी लावली. मी तिचे काम विचारले. तो म्हणाला, की माणसाचा आवाज खालच्या कंपनांवर जातो, इंटरनेट वरच्या कंपनांवर. ही डबी दोघांना वेगळे करते, म्हणून दोन्ही एकाच तारेवर एकाच वेळी चालतात. मग आईकडे वळून त्याने सोपे करून सांगितले, "आतां इंटरनेट चालू आसतना फोनय वाजतलो, आजी."

आईने ती डबी जवळ जाऊन पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हळ्यार तेन्ना हें नाशिल्लें."

म्हणजे तेव्हा हे नव्हते. सहा वर्षांत त्या रात्रीचा तिने केलेला हा पहिला आणि शेवटचा उल्लेख. ती काय करत होती हे मला समजले. माझ्या खांद्यावरचा भार उचलून ती त्या काळाच्या खांद्यावर ठेवत होती. डबी नव्हती, म्हणून तसे झाले. त्यात तुझा काय दोष? आईने दिलेले मी घेतले, मान हलवली. पण डबी नव्हती तरी घड्याळ होते, आणि पंधरा मिनिटांचा नियम होता. तो मीच केला होता आणि मीच मोडला होता. हे तिलाही ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होते. २०१६ मध्ये ती गेली.

तेव्हापासून संथ तारेचे गोडवे कोणी गाऊ लागले की मला अवघडल्यासारखे होते. संथपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नव्हता. पणजीतल्या माणसाची तार आखूड, त्याचे काम दहा मिनिटांत होई आणि त्याचा दूरध्वनी मोकळा होई. आम्ही केंद्रापासून जितके लांब, तितकी आमची तार अधिक वेळ अडलेली आणि तितकी बाहेरून येणारी हाक परत जाण्याची शक्यता अधिक. जो शेवटच्या खांबाशी राहतो त्याला दोन चांगल्या गोष्टींतली एक निवडावी लागते, आणि निवड चुकली तर तिची किंमत बहुधा दुसराच कोणी देतो.

हे जुन्या काळाबरोबर संपले असे वाटत होते. मग २०२० साल उजाडले, शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले. सांगे तालुक्यातल्या कुमारी गावची मुले धड्यासाठी डोंगर चढून जात, कारण सिग्नल तिथेच मिळे. त्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येत. एकाच्या घरी दोन मुले आणि फोन एकच. तोही सकाळी बापाबरोबर कामावर जाई. तो मला विचारत होता, "सर, थोरल्याला बसवू की धाकटीला?" साधन नवे, पण प्रश्न मी ओळखला. तो आमच्याच वसरीतला होता. मी म्हटले, वेळ वाटून दे, आणि घड्याळ समोर ठेव. आणि वेळ संपला की थोरला कितीही रडला तरी फोन काढून घे.

तारा जाताहेत. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा शेवटची तार पाठवायला लोकांनी रांगा लावल्या. अमेरिकेत एओएल या कंपनीने आपली दूरध्वनीवरची इंटरनेट-सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी थांबवली. तोवर तिथेही काही माणसे त्याच किरकिराटावर दिवस काढत होती, हे वाचून मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला. तीही कोणा शेवटच्या खांबाशी राहत असतील. जिचा चेहरा ओळीओळीने उमटला होता ती पुतणी आता पंचविशी ओलांडून गेली आहे. ती रोज रात्री फोनवर दिसते, हसते, चालता चालता बोलते. मध्येच दुसरा कोणाचा फोन आला तर तो पडद्यावर आपले नाव दाखवतो. कोणी परत जात नाही. हे चांगले झाले. यापेक्षा जुने बरे होते असे मी कधीही म्हणणार नाही.

रंगाऱ्याचा मुलगा जेवून आला. शिडी सरळ करून त्याने पुन्हा विचारले, "काडूं मगो, सर?"

मी म्हटले, "नाका. तिच्यावरूनच रंग मार."

तो थोडा हिरमुसला. "तशी दिसतली, सर," तो म्हणाला.

"दिसूं दे," मी म्हणालो, आणि खुर्ची बाजूला ओढून त्याला जागा करून दिली.